टर्मिनलमधून टीएलपी टाकणे आणि मागे काही न ठेवता काढणे

लिनक्स लॅपटॉपची बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम टाकतात. उबुंटू किंवा डेबियनवर टाकायला वेळ लागत नाही. अडतं ते आधीच चालू असलेल्या दुसऱ्या सेवेमुळे, आणि त्याहून जास्त काढताना. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. अपवाद फक्त शेवटच्या आज्ञेतल्या 'बॅट०'चा, तो मोठ्या अक्षरांत BAT0 असा.

आधी बघा:

सिस्टमसीटीएल स्टेटस पॉवर-प्रोफाइल्स-डेमन

डेस्कटॉपचे पॉवर मोड सांभाळणारी ही सेवा चालू असेल तर ती आणि टीएलपी एकाच वेळी ठेवू नका. दोघीही प्रोसेसरच्या त्याच सेटिंग्ज बदलतात आणि शेवटी कोणाची लागू झाली ते कळत नाही. मग टाका:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल टीएलपी

'होय' म्हणण्याआधी ॲप्ट (पॅकेज टाकणारी-काढणारी आज्ञा) काय काढणार आहे ती यादी वाचा. त्यात पॉवर-प्रोफाइल्स-डेमन दिसलं तर काढू द्या. यादीत नसेल आणि सेवा चालूच राहिली, तर 'सुडो सिस्टमसीटीएल मास्क पॉवर-प्रोफाइल्स-डेमन' चालवा, म्हणजे ती पुन्हा सुरूच होऊ शकणार नाही. ही सेवा गेली की डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधला पॉवर मोडचा पर्यायही दिसेनासा होतो. तो बिघाड नाही.

रीस्टार्ट न करता लगेच लागू करायला आणि मग तपासायला:

सुडो टीएलपी स्टार्ट
सुडो टीएलपी-स्टॅट -एस

'स्टेट'समोर 'एनेबल्ड' दिसायला हवं. कुठे 'कॉन्फ्लिक्टिंग' असा इशारा असेल तर वरची पायरी राहिली आहे. सिस्टमसीटीएलमध्ये टीएलपीपुढे 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' दिसतं आणि अनेकजण ते पाहून पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. गरज नाही. टीएलपी सतत चालत राहत नाही. बूट होताना आणि चार्जर लावला-काढला की सेटिंग्ज लावून बाजूला होतं.

चार्जिंगची मर्यादा घालायची असेल तर आधी 'सुडो टीएलपी-स्टॅट -बी' चालवून तुमचं मॉडेल ती मानतं का ते बघा, सगळीच मानत नाहीत. मानत असेल तर /ईटीसी/टीएलपी.कॉन्फ उघडा आणि पहिल्या बॅटरीच्या स्टार्ट व स्टॉप थ्रेशोल्डच्या (किती टक्क्यांवर चार्जिंग सुरू आणि बंद व्हावं त्या) ओळींपुढचं हॅश चिन्ह (#) काढा. ते राहिलं तर ओळ वाचलीच जात नाही. ७५ आणि ८० हे नेहमीचे आकडे. त्यानंतर पुन्हा टीएलपी स्टार्ट. एखादं यूएसबी उपकरण मधूनच झोपू लागलं तर 'एलएसयूएसबी'मधला त्याचा आयडी त्याच फाइलमधल्या यूएसबी डिनायलिस्टच्या (टीएलपीने झोपवू नयेत अशा उपकरणांच्या) ओळीत घाला, त्यासाठी अख्खं टीएलपी काढू नका.

आता काढणे. काही लॅपटॉपमध्ये, उदाहरणार्थ थिंकपॅडमध्ये, चार्जिंगची मर्यादा हार्डवेअरच्या कंट्रोलरमध्येच साठवलेली असते. पॅकेज गेलं तरी बॅटरी ८०वरच थांबते आणि बॅटरी खराब झाल्याचा समज होतो. म्हणून थ्रेशोल्डच्या ओळींपुढे हॅश परत लावा, चार्जर जोडा आणि टीएलपी असतानाच हे चालवा:

सुडो टीएलपी फुलचार्ज

त्यानंतर:

सुडो ॲप्ट पर्ज टीएलपी
सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह

'रिमूव्ह' वापरलं तर कॉन्फिगरेशनची फाइल तशीच राहते आणि पुढे कधी टीएलपी टाकलं की जुन्या सेटिंग्ज परत येतात. टीएलपी-आरडीडब्ल्यू (वायफाय-ब्लूटूथ आपोआप चालू-बंद करणारं जोड-पॅकेज) टाकलं असेल तर तेही पर्जमध्ये घ्या. /ईटीसी/टीएलपी.डी मध्ये तुम्ही स्वतः बनवलेल्या फाइल्स मात्र पर्जनेही जात नाहीत, त्या हाताने पुसा. ऑटोरिमूव्हची यादीही वाचूनच मान्य करा.

मास्क केलेलं सगळं अनमास्क करा. आर्च किंवा फेडोरावर टीएलपी टाकताना सिस्टमडी-आरएफकिलची सर्व्हिस आणि सॉकेट मास्क केली असतील तर तीही, नाहीतर वायफाय-ब्लूटूथची चालू-बंद स्थिती रीस्टार्टनंतर लक्षात राहत नाही. शेवटी पॉवर-प्रोफाइल्स-डेमन पुन्हा इन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, कारण टीएलपीने लावलेल्या बऱ्याच सेटिंग्ज तोवर चालूच असतात. मर्यादा घातली होती त्यांनी एकदा हे बघावं:

कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड

उत्तर १०० आलं की मर्यादा गेली. ८० आलं तर टीएलपी परत टाकून फुलचार्जपासूनच्या पायऱ्या पुन्हा करा.