सुगी ते सुगी: काटकसरीच्या घराचे वर्षभराचे अंदाजपत्रक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील फार थोड्या घरांत पैसा दरमहा एकसारखा येतो. उद्यमबागच्या कारखान्यात काम करणाऱ्याला महिन्याचा पगार मिळतो, शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्याच्या हाती आठवड्याची मजुरी पडते, दूध घालणाऱ्याचे बिल ठरावीक दिवसांनी येते आणि ऊस लावणाऱ्याच्या खात्यावर पैसे जमा होतात ते कारखान्याच्या हंगामानुसार. खर्चाचेही तसेच आहे. शाळेचे प्रवेश, गणपती, दिवाळी, पावसाळ्याआधीची कौले, लग्नसराईतील आहेर हे सगळे महिन्याच्या हिशेबात कधीच मावत नाही आणि म्हणूनच महिन्याचा जमाखर्च चोख लिहिणारी घरेसुद्धा जून आणि ऑक्टोबरमध्ये हातउसने मागताना दिसतात. माझे म्हणणे असे की काटकसरीची सुरुवात किराण्याच्या यादीपासून करू नये. वर्षातून एकदाच येणारे खर्च आधी वहीत उतरवावेत, त्यांची तरतूद आधी करावी आणि महिन्याचे घर उरलेल्या रकमेवर चालवावे.

वर्ष कोठून मोजावे, हा पहिला प्रश्न आहे. आपल्या भागासाठी गुढीपाडव्याच्या सुमारास, म्हणजे मार्चअखेरीस, नवी वही घालणे सर्वांत सोयीचे ठरते. तोवर भाताची आणि शाळूची सुगी उरकलेली असते, उसाचा हंगाम संपत आलेला असतो, त्यामुळे शेतीतून यंदा काय मिळाले हे ठाऊक झालेले असते. शिवाय कर्नाटकात शहर हद्दीतील घरपट्टी एप्रिल महिन्यात भरल्यास 5 टक्के सूट मिळते आणि आपल्याकडच्या शाळा मेअखेरीस उघडतात, म्हणजे मोठा खर्च यायला अजून दोन महिने हाताशी असतात.

मिळकत लिहिताना हात आखडता ठेवावा

मिळकतीच्या पानावर फक्त खात्रीची रक्कम लिहावी. ओव्हरटाइम, दिवाळीचा बोनस, मुलीकडून किंवा भावाकडून येणारी मदत ही आली तर आनंदच आहे, पण तिच्या भरवशावर खर्च ठरवू नये. मजुरीची कमाई असेल तर मागील वर्षातील सर्वांत मंद तीन महिन्यांची सरासरी धरावी, कारण माग बंद पडल्यावर किंवा बांधकाम थांबल्यावर घर त्याच रकमेत चालवावे लागते.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून घरच्या बाईला मिळणारे दरमहा 2000 रुपये अनेक घरांना मोठा आधार आहेत, परंतु हप्ता कधी कधी उशिरा येतो आणि दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात. म्हणून ही रक्कम रोजच्या बाजारखर्चात न धरता ज्या बाईच्या नावे ती येते तिच्याच खात्यात राहू द्यावी आणि पुढे सांगितलेल्या वार्षिक तरतुदीला जोडावी. घरच्या बाईच्या नावे काही शिल्लक असणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण दवाखान्याची वेळ आली की सर्वांत आधी तिचेच दागिने सोसायटीत तारण जातात.

उसाच्या पैशाबाबत आणखी सावध राहावे. ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचे असते, पण बिले लांबतात हे प्रत्येक ऊस उत्पादकाला माहीत आहे. बिल येताच आधी पीककर्ज फेडावे. गावच्या पीकेपीएसकडून, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या प्राथमिक सहकारी संघाकडून, मिळणारे पीककर्ज मुदतीत भरले तरच बिनव्याजी राहते. मुदत चुकली की व्याज लागते. त्यानंतर पुढील हंगामाचे बियाणे, खत आणि लागणीचा खर्च वेगळा काढावा, आणि जे उरेल त्याचे बारा भाग करून दरमहा एक भाग घरखर्चाच्या खात्यात घ्यावा. शेतकऱ्याने स्वतःला असा पगार लावून घेतल्याखेरीज चैत्रात सढळ झालेला हात श्रावणात रिकामा होण्याचे टळत नाही.

वर्षाचे खर्च, महिना महिना

आता कालनिर्णयासारखे एखादे कॅलेंडर पुढ्यात घेऊन घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येक महिन्यावर त्या महिन्यात येणारा खर्च लिहावा. मागच्या वर्षीच्या पावत्या, बँकेचे पासबुक आणि फोनवरून केलेल्या देण्यांची यादी पाहिली की विसरलेल्या गोष्टी आठवतात. एप्रिल-मेमध्ये घरपट्टी, वर्षाची बेगमी, कौले किंवा पत्रे फिरवणे आणि लग्नांचे आहेर येतात. जूनच्या तोंडावर वह्या, गणवेश, फी आणि रिक्षामामांचे आगाऊ पैसे. भाद्रपदात गणपती, त्यानंतर दसरा-दिवाळी. आणि गाडीचा विमा ज्या महिन्यात संपतो तो महिना.

उदाहरणासाठी एक चौकोनी कुटुंब धरू. घर स्वतःचे आहे, पती कारखान्यात 22000 रुपये मिळवतो, पत्नी शिवणकामातून 4000 मिळवते, म्हणजे गृहलक्ष्मी सोडून महिना 26000 रुपये. वार्षिक खर्चाची यादी अशी निघाली: शाळा 18000, वर्षाचे धान्य व मसाला 22000, दिवाळी 10000, गणपती 7000, दवाखाना 10000, आहेर 8000, यात्रा 8000, गाडीचा विमा व दुरुस्ती 5000, छप्पर 5000 आणि घरपट्टी 3000. बेरीज 96000 होते, म्हणजेच दरमहा 8000. हे 8000 रुपये पगाराच्या दिवशीच बाजूला गेले पाहिजेत. 2000 रुपये बचतीचे काढले की घर चालवायला उरतात 16000. हा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो, पण खरी मिळकत तेवढीच असते; 26000 हा भास असतो.

या 16000 पैकी गॅस, दूध, पेट्रोल, मोबाईल, शिकवणी यांना 7000 लागले असे समजू. उरलेले 9000 बाजारहाटाचे. येथे एक चूक सर्रास होते. महिन्याचे चार आठवडे धरून आठवड्याला 2250 रुपये ठरवले जातात. परंतु वर्षात आठवडे 52 असतात, 48 नव्हेत, आणि या हिशेबाने वर्षाला 9000 रुपये जास्त खर्च होतात. 9000 गुणिले 12 भागिले 52 केले तर आठवड्याचे साधारण 2075 येतात. आठवडी बाजाराला जाताना तेवढीच रोकड घेऊन निघावे.

गावची यात्रा

बेळगाव परिसरातील अनेक गावांत महालक्ष्मीची यात्रा काही वर्षांच्या अंतराने भरते, आणि ज्या वर्षी ती असते त्या वर्षी घराघरांत रंगरंगोटी, लेकीबाळींना साड्या, पैपाहुण्यांची जेवणे यांवर वर्षभराच्या बचतीहून अधिक पैसा जातो. यात्रेला कर्ज काढू नका एवढे सांगून भागत नाही. गावात राहणाऱ्याला तो मानाचा आणि नात्यांचा प्रसंग टाळता येत नाही आणि टाळावा असेही मी म्हणणार नाही. मात्र यात्रेचे साल बहुधा आधीच कळते. तेव्हा अपेक्षित खर्चाला उरलेल्या वर्षांनी भागावे आणि तेवढी रक्कम दरवर्षीच्या यादीत घालावी. 40000 चा खर्च आणि पाच वर्षांचा अवधी असेल तर वर्षाला 8000 होतात, जे वरच्या उदाहरणात धरलेच आहेत. पाहुण्यांचा आकडा भावकीने एकत्र बसून ठरवला आणि एकाच मांडवात जेवणावळ केली तर खर्च पुष्कळ खाली येतो, पण ही बोलणी सहा महिने आधी व्हायला हवीत.

बेगमी, वीज, प्रवास

खर्च कमी करण्याची सर्वांत मोठी संधी वर्षाच्या धान्यात आहे. नवीन तूरडाळ जानेवारी-फेब्रुवारीनंतर बाजारात येते, शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ब्याडगी व संकेश्वरी मिरची उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरपूर असते. तेव्हा रविवार पेठेत दोन-तीन घरांनी मिळून पोत्याने घेणे किंवा खानापूर भागातील ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट भात घेऊन गिरणीत कांडून आणणे, दोन्ही महिन्याच्या सुट्या खरेदीपेक्षा परवडते. मात्र धान्य उन्हात कडकडीत वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, जमिनीपासून उंच ठेवता येत असेल तरच वर्षाचे घ्यावे. आपल्या पावसात जागा ओलसर असेल तर चार महिन्यांचेच घेणे शहाणपणाचे आहे. रेशनवर मिळणारा तांदूळ वजा करूनच गरज मोजावी.

हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल कन्नडमध्ये असते म्हणून ते न वाचताच ठेवून दिले जाते. घरातील शाळकरी मुलाकडून ते एकदा समजून घ्यावे. गृहज्योती योजनेत प्रत्येक घराची मोफत युनिटे त्याच्या जुन्या वापरावरून ठरलेली आहेत. त्याहून अधिक पण 200 च्या आत वापर झाला तर फक्त जादा युनिटांचे पैसे पडतात, आणि 200 ओलांडले की संपूर्ण बिल भरावे लागते. एप्रिल-मेमधील कूलर आणि जुलैमधील गीझर हे दोन्ही सांभाळून वापरले पाहिजेत. महिन्याच्या मध्यावर मीटर पाहण्याची सवय पुरेशी आहे.

शक्ती योजनेमुळे महिलांचा राज्यातील साध्या बसचा प्रवास शून्य तिकिटावर होतो, पण आपल्या नात्यागोत्यांचा अर्धा पसारा चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे आहे आणि आंतरराज्य बसला ही सवलत लागू होत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मे तिकीट असले तरी तेही त्या राज्याच्या हद्दीपुरते असते. माहेरच्या फेऱ्या आणि मिरज-कोल्हापूरच्या दवाखान्याच्या खेपा यांसाठी वेगळी ओळ लिहावी.

बाजूला काढलेला पैसा कोठे ठेवावा

आपल्या जिल्ह्यात सोसायट्या, पतसंस्था आणि पिग्मी यांचे जाळे फार दाट आहे. दुकानात येऊन रोज शंभर रुपये नेणारी पिग्मी लहान व्यापाऱ्याला आणि मजुराला खरोखर उपयोगी पडते, कारण रोजच्या कमाईतला पैसा रोजच बाजूला जातो. परंतु मुदतीआधी रक्कम काढल्यास व्याज मिळते का आणि किती कपात होते हे सुरुवातीलाच विचारावे, आणि दर महिन्याला पुस्तकावर नोंद करून घ्यावी. आणखी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी: बँकेतील, सहकारी बँकेतीलसुद्धा, ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्था आणि सोसायटीतील ठेवींना ते नाही. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी मुलीच्या लग्नाची सगळी पुंजी एका सोसायटीत ठेवणे मला धोक्याचे वाटते. वार्षिक तरतुदीचे पैसे बँकेच्या दुसऱ्या खात्यात ठेवावेत, ज्याला फोनवरचे ॲप जोडलेले नसेल. दीर्घ बचतीसाठी पोस्टाचे आवर्ती खाते दरमहा 100 रुपयांपासून उघडता येते.

भिशी ओळखीच्या, थोड्या सभासदांची असेल तर जूनच्या शाळाखर्चासाठी नंबर मागून घ्यावा. आठवडी हप्त्याच्या मायक्रोफायनान्स कर्जावर मात्र घरखर्च चालवू नये. वसुलीतील जबरदस्तीविरुद्ध कर्नाटकात 2025 पासून कायदा आहे, पण कायद्याने हप्ता कमी होत नाही. आधीचे असे कर्ज असेल तर 2000 रुपयांची बचत काही काळ थांबवून आधी तेच फेडावे.

बँक खात्यातून वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा मिळतो. दोन्हींचे वर्ष 1 जूनला सुरू होते, त्यामुळे मेच्या शेवटी कमावत्या माणसाच्या खात्यात तेवढी शिल्लक असल्याची खात्री करावी.

वही महिन्याला एकदा पाहिली तरी चालते, पण दसऱ्याच्या सुट्टीत एक संध्याकाळ पूर्ण द्यावी. तोवर शाळा आणि गणपती होऊन गेलेले असतात, म्हणजे अंदाज किती चुकला ते स्वच्छ दिसते. शाळेला 18000 ऐवजी 21000 लागले असतील तर ते 3000 बचतीतून न भरता दिवाळीच्या आणि आहेराच्या रकमेतून कोणते कमी करायचे हे घरातील सर्वांसमोर ठरवावे, मुलांनाही त्या बोलण्यात बसवावे, आणि सुधारलेला आकडा पुढच्या पाडव्याच्या यादीसाठी त्याच पानावर तारखेसह लिहून ठेवावा.