डेस्कटॉप सॉफ्टवेअर ऑनलाईन न्यायचंय? क्लाउड घेताना काय काय बघायचं

डोंगल (कॉपी होऊ नये म्हणून लावायची यूएसबी किल्ली) देऊन, एएमसी (वर्षाच्या देखभालीचे पैसे) घेऊन बिलिंग-अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकणारे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत आणि आता कस्टमर विचारतो की घरी गेल्यावर मोबाईलवर दिसेल का. त्यासाठी सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या मशीनवर न्यावं लागतं. मग लगेच चर्चा सुरू, ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस घ्यायचं, मायक्रोसॉफ्टचं अझुर का गुगल? अहो थांबा, रेट नंतर काढू.

आधी आपला डेटाबेस बघा. बहुतेकांचं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर चाललेलं असतं कारण ते फुकट आहे, पण २०२२ च्या व्हर्जनपर्यंत त्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. त्याचीच विकतची स्टँडर्ड आवृत्ती घेतली की क्लाउडवर तासावर लायसन्सचे पैसे लागतात, आणि ते कित्येकदा मशीनच्या भाड्यापेक्षा जास्त होतात! पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसवर गेलात तर लायसन्स वाचतं, पण दहा वर्षांत लिहिलेल्या स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसच्या आतच लिहिलेला कोड) पुन्हा कोण लिहिणार? तेवढा माणूस नसेल तर अझुरचा इलॅस्टिक पूल बघा, त्यात बरेच छोटे डेटाबेस मिळून एकच ताकद वाटून घेतात. शंभर दुकानदार एकाच मिनिटाला रिपोर्ट काढत नाहीत, त्यामुळे हे परवडतं.

मग ठरवा, सगळ्यांचा डेटा एकत्र ठेवायचा की प्रत्येकाचा वेगळा. एकत्र स्वस्त पडतं, पण डेटा मागवणाऱ्या एखाद्या क्वेरीत कस्टमरचा आयडी टाकायचा राहिला की एका व्यापाऱ्याची खतावणी दुसऱ्याला दिसते आणि मग फोन उचलायची हिंमत होत नाही. दोन-चारशे कस्टमर असतील तर मी वेगळाच ठेवीन, एकट्याचा बॅकअप रिस्टोअर करणंही सोपं जातं.

आता जागा, म्हणजे सर्व्हर कुठल्या शहरात ठेवायचा ते. तुमच्या कस्टमरमधे प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असतील तर त्यांच्या हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर असला पाहिजे, ऑगस्ट २०२२ पासून हा नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून कोणी कुठली एंट्री कधी बदलली याची नोंदही सॉफ्टवेअरमधे लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग (सिस्टीमवर काय काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि सायबर हल्ला झाला तर ६ तासांत कळवायचं. भारतात सर्व्हर तिघांचेही आहेत, एडब्ल्यूएस मुंबई नि हैदराबाद, गुगल मुंबई नि दिल्ली, अझुर पुणे, चेन्नई नि मुंबई. अझुरच्या यादीत पुणे शोधू नका, तिथे त्याचं नाव ‘सेंट्रल इंडिया’ आहे! आणि एडब्ल्यूएसच्या नवीन अकाउंटला बऱ्याचदा अमेरिकेतला रिजन (सर्व्हरची जागा) आधीच सिलेक्ट असतो, मशीन बनवायच्या आधी वरच्या कोपऱ्यात बघा.

बिलाचं गणित इथे येतं. डेटा आत टाकायला पैसे नाहीत, बाहेर काढायला आहेत. एडब्ल्यूएसवर महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पण सगळे पीडीएफ आणि बॅकअप डाउनलोड करायला लागले की ते उडून जातात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला ०.००५ डॉलर लागतात, वर १८ टक्के जीएसटी. कॅल्क्युलेटरवर फार विश्वास ठेवू नका, दोन ओळखीच्या कस्टमरना महिनाभर चालवून बिल बघा. बजेट अलर्ट (खर्च ठरलेल्या रकमेवर गेला की इशारा) लावाच, फक्त तो मेल पाठवतो, मशीन आपोआप बंद करत नाही, हे मला बिल आल्यावर समजलं. स्टार्टअप क्रेडिट (नव्या कंपन्यांना बिलात मिळणारी सूट) मिळत असेल तर जरूर घ्या, पण भाव ठरवताना क्रेडिट शून्य धरा.

नक्की करायच्या आधी एकदा क्लाउडवरचा बॅकअप ऑफिसातल्या मशीनवर उतरवून सॉफ्टवेअर चालतं का ते बघा. नाही चाललं तर उद्या भाडं वाढलं तरी हलता येणार नाही.

आणि शिफ्टिंग मार्चमधे नको. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपासही नको, तेव्हा सगळे जीएसटी रिटर्न भरत असतात. २१ तारखेनंतरचा एखादा रविवार धरा आणि जुनं सॉफ्टवेअर महिनाभर तरी काढू नका.