चाफ्याची फांदी खोचून मोकळे होताय? या चुका टाळा

आधी एक क्लिअर करतो, मी देवळाच्या अंगणात असतो त्या चाफ्याबद्दल बोलतोय. कोणी देवचाफा म्हणतं, कोणी खुरचाफा, फांदी मोडली की पांढरा चीक गळतो तो. सोनचाफा हे पूर्ण वेगळं झाड, त्याची काळजी याला लावू नका.

सगळ्यात जास्त फांद्या मरतात त्या पाण्याने. आणि दरवर्षी जुलैतच मरतात, कारण "पावसात काय, काठी खोचली तरी जगते" हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी अशीच मनगटाएवढी जाड फांदी आणली, चीक गळत असतानाच कुंडीत खोचली आणि वर रोज तांब्याभर पाणी. पंधरा-वीस दिवसांत शेंड्याला पानं फुटली तर काका खूश, मला बोलावून दाखवलं, "तू उगाच घाबरवतोस रे". मी काही बोललो नाही. चाफ्याच्या खोडात साठवलेलं पाणी आणि अन्न असतं, त्याच्यावर पानं फुटतात, कधीकधी फूलसुद्धा येतं, खाली मूळ नसताना! महिन्याभरात पानं माना टाकायला लागली, काकांना वाटलं पाणी कमी पडलं, मग दोन तांबे. शेवटी मी फांदी नुसती धरली तर अलगद हातात आली, खालचं वीतभर खोड काळं, दाबलं की पिचपिच आणि वास असा की काकूंनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

मी काय करतो सांगतो. फांदी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घेतो, फूट-दीड फुटाची, करड्या सालीची, कोवळी हिरवी नाही. पानं काढून टाकायची आणि सावलीत आठ-दहा दिवस चक्क विसरून जायचं, कापलेली जागा सुकून कडक झाली पाहिजे. जाड असेल तर अजून चार दिवस. मग निम्मी जाड वाळू आणि निम्मी माती, लावताना एकदा पाणी, त्यानंतर पानं चांगली बोटभर होईपर्यंत हात आखडता. मुळं धरायला दीड-दोन महिने सहज जातात. आणि कृपा करून मुळं आली का बघायला फांदी उपटू नका, असे लोक मी पाहिलेत, दर रविवारी उपटून बघतात.

दुसरी चूक म्हणजे पहिलं फूल बघून नर्सरीवाल्याशी भांडायला जाणं. हे मी स्वतः केलंय. गडद लाल म्हणून कलम घेतलं आणि पहिला झुपका आला तो फिकट गुलाबी, पावसाळ्याच्या शेवटी. मी फोटो घेऊन गेलो, नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मे महिना बघा." मे महिन्यात तेच झाड, तीच कुंडी, आणि फुलं लालभडक. मान खाली घालून दोन रोपं जास्तीची विकत घेतली, दुसरं काय करणार. चाफ्याचा रंग ऊन, उष्णता, झाडाचं वय यावर हलतो, उमलल्या दिवशीचं फूल आणि तिसऱ्या दिवशीचं फूलसुद्धा एकसारखं नसतं. दोन सीझन बघा आणि मग बोला. पण कलमाच्या जोडाखालून फुटवा आला असेल तर तो लगेच काढा, नाहीतर खुंटाचीच, म्हणजे ज्या खालच्या झाडावर कलम बांधलंय त्याचीच, फुलं येतील आणि तेव्हा नर्सरीवाल्याचा खरंच दोष नसेल. आणि इंटरनेटवर निळ्याशार चाफ्याचे फोटो दिसतात ना, ते कम्प्युटरवर रंगवलेले असतात, पैसे घालवू नका.

बाकीच्या पटापट. हिवाळ्यात पानं गळाली म्हणजे झाड मेलं नाही, झोपलंय, खोड दाबून बघा टणक असेल तर पाणी बंद ठेवा. सगळेच गळत नाहीत, गोल टोकाच्या पानांचा चाफा बहुतेक वर्षभर हिरवा राहतो. पानं नागाच्या फण्यासारखी असतील तर तो पुडिका, फुलं भरभरून पण वास नाही, वासाची वाट बघू नका. फुलं फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत सगळे शेंडे छाटले तर पुढच्या उन्हाळ्यात नुसती पानं बघा. सहा तास ऊन नाही आणि युरियाचा मारा आहे, तिथेही तेच. पावसाळ्यात पानाखाली नारिंगी पावडर दिसली तर तो तांबेरा, ती पानं काढून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये अजिबात नको.

बियांचं विचाराल तर आईसारखंच फूल येईल याची काही गॅरंटी नाही, आणि तीनेक वर्षं थांबायची तयारी हवी. माझं एक रोप तिसऱ्या वर्षात आहे, अजून नुसती पानंच दाखवतंय.