अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवी दुचाकी काढताय? घरून निघण्याआधी एवढं बघा

गावात नवी गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला, "कितलाले पडनी, भाऊ?" म्हणजे कितीला पडली, आणि उत्तर म्हणून एकच गोळाबेरीज आकडा. शोरूममध्ये गाडी घेणाऱ्याला तेवढाच सांगितलेला असतो. त्यात गाडी किती, टॅक्स किती, विमा किती आणि शोरूमवाल्याने मनाने घातलेलं किती, हे त्या बिचाऱ्याला कुणी फोडून दाखवलेलंच नसतं.

म्हणून सगळ्यात आधी कोटेशन हवं, तेही ओळ-ओळ लिहिलेलं, शिक्क्यासकट. मी मागितलं तेव्हा सेल्समन म्हणाला, "भाऊ, आपलं पॅकेजच आहे, सगळं आलं त्यात." म्हटलं, "पॅकेज राहू द्या दादा, त्यात काय काय आलं ते लिहून द्या." दहा मिनिटं गेली, पण कागद आला आणि त्यावर 'हँडलिंग' नावाची ओळ निघाली. ही सरकारी फी नव्हे. "हे कशाचं?" एवढं विचारल्यावर त्याने स्वतःच पेनाने काट मारली. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडचं कोटेशन हातात असेल तर काट आणखी लवकर बसते.

आकडे आधीच डोक्यात ठेवा. महाराष्ट्रात 99 सीसीपर्यंतच्या दुचाकीला 10 टक्के रोड टॅक्स आहे, त्यापुढे 299 सीसीपर्यंत 11 टक्के. म्हणजे नव्वद हजारांच्या सव्वाशे सीसी गाडीला साधारण 9,900. कुणाचं जुनं कोटेशन घेऊन भांडू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्याआधीचे आकडे आता कामाचे नाहीत. हेल्मेट गाडीसोबत द्यायचंच असा नियम आहे आणि साडीगार्डही सक्तीचंच, त्यामुळे 'अॅक्सेसरीज किट'मध्ये ही दोन नावं दिसली तर बोट ठेवा. सीट कव्हर, लेगगार्ड, ग्रिप हे बाहेरही मिळतं. भाव विचारून मगच ठरवा.

आता सूट. गाडीवर डीलरला फार सुटत नाही. त्याची खरी कमाई विम्यात, फायनान्समध्ये, वाढीव वॉरंटीत आणि सर्व्हिस प्लॅनमध्ये. म्हणून "तीन हजार कमी करतो, पण विमा आणि लोन आमच्याकडून" असं आलं की सूट कुठून भरून निघणार ते समजून घ्या. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, घ्यावाच लागतो. 75 ते 150 सीसीला त्याचा ठरलेला दर 3,851 रुपये, वर जीएसटी. तो भाग कुठेही घ्या, तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. तो एकच वर्षाचा घेतला तरी चालतो, आणि कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे तुम्ही ठरवता. आदल्या रात्री मोबाईलवर दोन-तीन भाव काढून स्क्रीनशॉट जवळ ठेवा.

लोन घेणार असाल तर 'फ्लॅट' हा शब्द नीट ऐका. ऐंशी हजार, 12 टक्के फ्लॅट, दोन वर्षं: व्याज 19,200 आणि हप्ता सुमारे 4,133. ऐकायला बारा टक्के, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ऐंशी हजारांवर मोजलं जातं, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास बसतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला सगळा खर्च धरून वार्षिक दर एका पत्रकात लिहून द्यावा लागतो. सही करण्याआधी ते पत्रक मागा. गावातल्या पतपेढीत किंवा बँकेत दर विचारला नसेल तर आधी तिकडे चक्कर मारा.

जुनी गाडी देणार असाल तर तिची किंमत वेगळी आणि एक्स्चेंज बोनस (जुनी दिल्याबद्दलची जादा सूट) वेगळा लिहून घ्या, नाहीतर बोनस वाढवून किंमत पाडतात. आणि फॉर्म 29, 30 भरून नाव बदललं का, याचा पाठपुरावा करा. आरटीओत नाव तुमचं, गाडी चालवणारा भलताच, हे नको.

सर्व्हिस प्लॅनवर मात्र जरा थांबा, कारण फसगत इथेच जास्त. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी फ्री. ऑईलचे पैसे पहिल्या दिवसापासून आपलेच. मग वरून वार्षिक प्लॅन विकतात. माझ्या चुलतभावाने जळगावच्या एका शोरूममधून गाडीसोबत तो घेतला. राहायला चोपड्याकडे. सर्व्हिसला तालुक्याच्या सेंटरला गेला तर तिथला म्हणतो, "आप्पा, हा प्लॅन आमच्याकडे चालत नाही, जळगावलाच जा." जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर आणि दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून प्लॅन घेण्याआधी तुमच्या जवळच्या सेंटरला फोन लावा आणि तिथेच विचारा, तुम्ही हा घ्याल का? मग हिशोब करा: वर्षात किती सर्व्हिस पडतात, मजुरी किती, ऑईल प्लॅनमध्ये आहे की नुसती त्यावर सूट. आपल्याकडे कपाशीच्या रानातली, केळीच्या बागांच्या रस्त्यांवरची धूळ एवढी की एअर फिल्टर आणि चेन आधी जातात. वॉरंटीत घासून जाणारे पार्ट, म्हणजे ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, सहसा येत नाहीत. वाढीव वॉरंटी विकताना हे कुणी सांगत नाही. शिवाय एखादी सर्व्हिस हुकली तर वॉरंटी नाकारायला त्यांना कारणच मिळतं.

गाडी ताब्यात घेताना मुहूर्ताची घाई करू नका. चेसिस नंबर कागदाशी ताडून बघा. फॉर्म 21 वर, म्हणजे डीलरच्या विक्री दाखल्यावर, गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते असतं. गेल्या वर्षीची निघाली तर किंमत कमी करण्याचं बोलणं पुन्हा सुरू करा. दोन चाव्या, टूलकिट, मीटरचा फोटो. नंबरप्लेट लागल्याशिवाय शोरूमबाहेर काढू नका.

आणि सर्व्हिस बुकात पहिल्या सर्व्हिसची तारीख बघून तिथल्या तिथे कॅलेंडरवर गोल करा. किलोमीटर आणि दिवस, जे आधी होईल ते. अखाजीला घेतलेल्या गाडीची पहिली सर्व्हिस नेमकी पेरणीच्या तोंडावर येते, आणि तेव्हा घरातल्या कुणालाच तालुक्याला जायला सवड नसते.