जुन्या सुती साड्यांची गोधडी हाताने कशी शिवावी

आजीच्या दोन सुती साड्या कपाटात घडी घालून पडल्या असतील आणि त्या कुणाला द्यायचा धीर होत नसेल, तर त्यांची गोधडी शिवा. मशीन लागत नाही. सुई, दोरा, कात्री, मोकळी जमीन आणि महिनाभराच्या दुपारी एवढं पुरे. आमच्याकडे हे काम उन्हाळ्यातलं. पापड-कुरडया आवरल्या की गोधडीला हात लागायचा. कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात.

कापड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कापड सुतीच हवं आणि वापरून मऊ झालेलं हवं. जुनं सुती कापड धुऊन धुऊन आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं कापड घातलंत तर ते पुढच्या धुण्यात आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात. माझ्या पहिल्या गोधडीत मी एक सिंथेटिक साडी आत घातली होती, वाया जायला नको म्हणून. तो थर शिवतानाच खालून सरकत राहिला, एक बाजू चार बोटं तिरकी आली आणि अर्धी गोधडी उसवावी लागली.

साड्या आधी धुऊन खळ पूर्ण काढा. खळ असली की सुई अडते. लाल, काळ्या, गडद निळ्या रंगावर ओलं पांढरं फडकं चोळून बघा. रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा. मग साडी उजेडाला धरा. जिथे जाळी दिसते तो भाग आतल्या थराला चालतो, वरच्या थराला नाही.

माप

पहिली गोधडी एका माणसापुरती, साडीच्या पन्ह्याएवढी रुंद ठेवा. पन्हा साधारण पावणेचार फूट असतो, लांबी सहा फूट घ्या. साडेपाच मीटरच्या साडीतून असे तीन तुकडे निघतात, म्हणजे दोन साड्यांतून सहा. त्यातले चार थर वापरा आणि उरलेल्यांची ठिगळं करा. पाच-सहा थरांची गोधडी ऊबदार होते खरी, पण नवख्या बोटांना ती ओढवत नाही. काठ कापून वेगळे ठेवायचे असतील तर रुंदी तेवढी कमी होईल, हे धरून चाला.

अंथरणं आणि टाचणं

खालचा थर जमिनीवर उलटा पसरा, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असं काही जड ठेवा. त्यावर एकेक थर टाकून प्रत्येक वेळी तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढा. मग कच्चे टाके घाला: आधी मध्यापासून चारही कोपऱ्यांकडे, नंतर वीत-वीत अंतरावर आडवे. हे टाके शेवटी काढायचेच आहेत, म्हणून कंटाळा येतो. पण शिवण कडेपासून आत जाते आणि जास्तीचं कापड मध्याकडे सरकत राहतं. टाचण नीट नसेल तर शेवटी मधोमध फुगा येतो आणि मग त्याला इलाज नसतो.

चारी बाजू बोटभर आत दुमडून टाचा. ठिगळांच्या कडाही नखाने दाबून आत मुडपा आणि वरच्या थरावर टाचून ठेवा. जरीचा काठ मात्र नको, तो अंगाला टोचतो.

धावदोरा

टाका एकच, साधा धावदोरा. बंगालच्या कांथा नावाच्या गोधडीत आणि उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी जमातीच्या बायका शिवतात त्या कवदी नावाच्या गोधडीतही हाच टाका आहे. दोरा जाड सुती घ्या, हातभरापेक्षा लांब नको आणि मेणावरून एकदा ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही. सुई लांब आणि बारीक टोकाची हवी. दाभण घेऊ नका, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवा.

एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेने पूर्ण फेरी घाला, मग बोटभर आत येऊन दुसरी, असं मध्यापर्यंत. उजव्या हाताने सुई चालवायची, डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक डाव्या तर्जनीला हलकंसं टेकलं की समजायचं सगळे थर घेतले गेले. लगेच टोक वर वळवायचं. असे चार-पाच टाके सुईवर गोळा झाले की एकदम ओढायचं. टाका गव्हाच्या दाण्याएवढा यावा. दोरा फार घट्ट ओढला तर कापड गोळा होतं आणि सैल सोडला तर पायाच्या बोटात अडकून तुटतो. कापडाला जेमतेम लहर आली की ताण बरोबर आहे. त्या लहरींमध्ये हवा साठते, ऊब तिथूनच येते. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर चढवायची टोपी, घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी सुईला हात लावता येणार नाही.

दोरा संपला की दोन टाके मागे फिरून टोक थरांत खुपसा. ठिगळ वाटेत आलं तर फेरी मोडू नका, त्यावरूनच सरळ जा. त्याच टाक्यांनी तेही पक्कं होतं. प्रत्येक फेरीनंतर गोधडी जमिनीवर पसरून हात फिरवा. चुणी दिसली तर तिथल्या तिथे दहा-बारा टाके उसवा.

मध्यावर पोहोचलात की कच्चे टाके काढा. पहिलं धुणं गार पाण्यात, हाताने, आणि पिळायचं नाही. भिजलेली गोधडी फार जड होते, दोघांनी मिळून उचला आणि दोरीवर न टांगता गच्चीवर आडवी पसरून वाळवा.