शार्डोने चाखायला शिकताना पिंपांनी मला फसवलं

वाईनच्या कोर्सचा चाखण्याचा पेपर मी पहिल्या वेळी नापास झाले, आणि झाले ते शार्डोने या पांढऱ्या वाईनमुळे. दुसऱ्या प्रयत्नात सुटले, पण पहिल्या निकालाचा दिवस आठवला की अजूनही पोटात गोळा येतो. ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, आम्लता कुठे जाणवते हे तुम्हाला येत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. मी जिथे अडखळले तेवढं मात्र नीट सांगते.

शार्डोने हे द्राक्ष स्वतःहून कमी बोलतं. सोव्हिन्यों ब्लाँ किंवा रीस्लिंग वासावरून चटकन ओळखू येते. शार्डोने थंड हवेत हिरवं सफरचंद आणि लिंबू देते, ऊन वाढलं की पीच आणि अननसाकडे झुकते. बाकी तुम्हाला जे लागतं त्यातलं बरंचसं तळघरात घडलेलं असतं. म्हणून ही वाईन चाखणं म्हणजे ती कशी केली गेली हे शोधणं, आणि चूकही तिथेच होते.

परीक्षेत मी एका ग्लासासमोर लिहिलं: ‘ओकी, नवा ओक, व्हॅनिला.’ ओकी म्हणजे ओकच्या लाकडाच्या पिंपाची चव लागलेली. त्या वाईनला ओकचा स्पर्शही झालेला नव्हता. मला वाटलं, नशीब वाईट. दोन महिन्यांनी एका छोट्या, जुन्या वळणाच्या वायनरीत जायला मिळालं तेव्हा खरं कारण कळू लागलं. तिथे अख्खे घड दाबून रस काढतात, द्राक्षांवर आणि तळघरात असलेल्या यीस्टवरच तो आंबवतात, वाईन वर्षभर गाळावर, म्हणजे तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टवर, ठेवतात आणि न गाळता बाटलीत भरतात. तळघरात 228 लिटरच्या पिंपांच्या दोन रांगा होत्या आणि ओलसर लाकडाचा वास कोंडलेला होता. हातात ग्लास आला आणि मी वहीत पुन्हा तेच लिहिलं: व्हॅनिला, टोस्ट, लोणी, नवा ओक. वाईनमेकरांनी वही वाचली आणि एवढंच विचारलं, “व्हॅनिला कुठे लागला? परत प्या आणि मला दाखवा.” मी तीनदा चाखलं. दाखवता आला नाही. मग ते म्हणाले, “यातलं सगळ्यांत नवं पिंप नऊ वर्षांचं आहे.”

तीन-चार हंगाम वापरलेलं पिंप वाईनला लाकडाची चव जवळपास देत नाही. लाकडातून हवा झिरपत राहते, वाईन सावकाश मऊ होते, बस्स. माझा व्हॅनिला डोळ्यांतून आला होता. मी पिंपं पाहिली आणि तीच चाखली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्सच्या बोर्दोमधल्या वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाईन गंधहीन लाल रंग घालून दिली होती. त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला. ही मेंदूची सवय आहे, तुमची जीभ कमअस्सल आहे असं मुळीच नाही.

आता मुख्य सापळा. ‘ओकी’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या सुट्या करायला मला सात महिने लागले.

पहिली, लाकूड. व्हॅनिला, लवंग, नारळ, भाजलेला पाव, धूर. हे सगळं नाकाला कळतं, आणि पिंप नवं असेल तर गिळल्यावर हिरड्या किंचित कोरड्या पडतात. हिरड्या विसरू नका, त्यांना लेबल वाचता येत नाही.

दुसरी, मॅलोलॅक्टिक. जिवाणू हिरव्या सफरचंदातल्या बोचऱ्या मॅलिक आम्लाचं दह्यातल्या मवाळ लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. या कामात डायअ‍ॅसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो, आणि लोण्याचा वास त्याचा. पिंपाशी त्याचा संबंध नाही, स्टीलच्या टाकीतही तो तयार होतो. इथेच माझा दुसरा गोंधळ होता: लोण्याचा वास नाही म्हणजे मॅलोलॅक्टिक झालेलं नाही, असं मी धरून चालले होते. फ्रान्सच्या शाब्ली भागातल्या बहुतेक शार्डोने वाइन्समध्ये मॅलोलॅक्टिक होतं, तरी लोणी सापडत नाही. कारण वाईन गाळावर राहिली की यीस्ट ते डायअ‍ॅसिटिल बऱ्याच अंशी संपवतं. म्हणून वास शोधण्याआधी आम्लता कशी आहे ते बघा, टोचते की गोल लागते.

तिसरी, गाळ. मेलेलं यीस्ट तळाशी बसतं, जुन्या पद्धतीत ते काठीने ढवळतात, फ्रेंचमध्ये त्याला बातोनाज म्हणतात. त्यातून कणकेचा, पावाचा वास येतो, पण खरी खूण स्पर्शात आहे. जिभेच्या मधोमध वाईन सायीसारखी जाड वाटते. छोट्या पारंपरिक वायनरीच्या शार्डोनेत बहुतेक वेळा हीच गोष्ट पुढे असते, आणि आपण तिला लाकूड म्हणून मोकळे होतो. रस पिंपातच आंबवला असेल तर लाकडाची चव आणखी दबते, कारण यीस्ट व्हॅनिलाच्या रेणूचंच रूप पालटतं. तयार वाईन नंतर पिंपात ओतली तर ओक जास्त उघडा लागतो. हे मला उलटं वाटायचं, म्हणून दोनदा वाचा.

सराव असा करा. तीन शार्डोने घ्या: एक फक्त स्टीलमधली, एक जुन्या पिंपातली, एक नव्या ओकमधली. दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा, बाटल्या तुम्हाला दिसता कामा नयेत. प्रत्येक ग्लासासमोर तीनच प्रश्न: हिरड्या काय म्हणतात, आम्लता कशी आहे, जिभेच्या मध्यावर वजन आहे का. फळांची नावं नंतर. आणि थुंका. तेरा टक्के अल्कोहोलचे सहा घोट गिळलेत तर सातव्या घोटाबद्दल तुम्ही लिहिलेलं काहीही खरं मानू नका. मला थुंकायची लाज वाटायची, त्या लाजेत माझे कितीतरी सराव वाया गेले.

अ‍ॅपवरचे गुण आणि दुसऱ्यांच्या नोंदी चाखण्याआधी वाचू नका. वासांच्या छोट्या कुप्यांचे महागडे संच मी घेतले, त्यातून शब्द मिळाले, वाईन कळली नाही. गुरूच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: “यात हेझलनट आहे, आला ना वास?” असं विचारणाऱ्यापासून लांब राहा. माझे पहिले शिक्षक तसे होते आणि मी वर्षभर मान डोलावली. “कशावरून?” विचारणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका, सुरुवातीला त्याचा राग आला तरी.

दोन गोष्टी पटकन. फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखू नका, चार-पाच अंशांवर शार्डोने मुकी असते. अकरा-बारा अंशांपर्यंत येऊ द्या आणि प्रत्येक पाच मिनिटांनी परत वास घ्या. थोडी गढूळ दिसली किंवा तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, निरुपद्रवी. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र दोषच, तो बुचातून येतो आणि थांबून जात नाही.

पेटवलेल्या काडीच्या वासाला दोष म्हणायची घाई करू नका. तो गंधकाच्या संयुगांचा असतो, हवा न लागता गाळावर राहिलेल्या वाईनमध्ये येतो. मी एकदा त्या वासामुळे अख्खी बाटली ओतून दिली होती, त्याचं अजून वाईट वाटतं. आता अशी बाटली निघाली की अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवते. परवाच्या बाटलीत दुसऱ्या संध्याकाळी काडी गेली होती, लिंबाची साल आणि पिकलं पेअर वर आलं होतं, आणि जिभेच्या मधोमध ती साय तशीच होती. वहीत ‘ओक’च्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं आणि मगच बाटली वळवून लेबल पाहिलं.