इंजिन ऑइल नेमकं कुठून गळतंय? शोध वरून खाली घ्या

सकाळी गाडी बाहेर काढली आणि पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, की पहिला प्रश्न पडतो, 'किती खर्च येणार?' खर्चाचा आकडा ठरतो गळती कुठून आहे यावर, आणि नेमकं तिथेच निदान चुकतं.

माझी पेट्रोल गाडी 16 वर्षांची. थेंब पडायचा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून. मेकॅनिकने खाली वाकून टॉर्च मारला आणि सांगितलं, 'क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा आणि सील म्हणजे त्याभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी. ती स्वस्त, पण मजुरी हजारांत. प्रत्यक्षात गळत होतं पार वरून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथून ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली यायचं. कौलारू घरात पावसाळा काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कौल फुटतं एकीकडे, पाणी वाशावरून सरकत जातं आणि टपकतं भलत्याच खोलीत.

म्हणून शोधाचा नियम एकच: थेंब कुठे पडतो हे सोडा, सर्वांत वरचा ओला भाग शोधा. गाडी पळत असताना वारा ऑइल मागे ढकलतो, म्हणून वरचा आणि त्यातही पुढचा.

आधी ते इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळी थेंब कोणत्या बाजूला पडलाय ते कळतं. मधाच्या रंगापासून काळ्यापर्यंतचा चिकट डाग म्हणजे बहुधा इंजिन ऑइल. डिझेल गाडीत ते लवकरच काळंकुट्ट होतं. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, खुशाल झोपा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर द्रव दिसला तर मात्र ते ब्रेक फ्लुइड असू शकतं. मग गाडी हलवूच नका.

आता डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून 5-10 मिनिटं झालेली. पातळी आणि किलोमीटर दोन्ही लिहून ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण 1 लिटरचा फरक असतो. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर जास्त भरलेलं ऑइल हेच कारण असू शकतं. पातळी कमी होतेय पण पुठ्ठा कोरडाच, असं असेल तर ऑइल बहुधा आत जळतंय. तो वेगळा आजार.

धुतल्याशिवाय काही दिसत नाही

ही पायरी लोक टाळतात. वर्षानुवर्षांच्या काळ्या मळीत ताजी गळती कुणालाच ओळखता येत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझर (तेलकट मळ काढणारं द्रावण) मारा, 10 मिनिटं मुरू द्या, जुन्या ब्रशने घासा आणि ओल्या फडक्याने पुसा. अल्टरनेटर, कॉइल आणि वायरिंगच्या जोडांवर आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. प्रेशरने पाणी मारू नका, नाहीतर गळती राहील बाजूला आणि गाडीच चालू होणार नाही. खाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर तेही काढून धुवा. त्यात ऑइल साठतं आणि कुठल्यातरी भोकातून टपकतं, म्हणजे पुन्हा दिशाभूल.

खाली शिरायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीच नाही. स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, चाकांमागे दगड लावा.

पावडर लावा, गाडी फिरवा, पुन्हा बघा

पिशव्या काढा आणि वाळलेल्या इंजिनच्या संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर शिंपडा. फिरत्या पट्ट्यांवर नको. 10 मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवून बघा, मग 10-15 किलोमीटर फिरवून आणून इंजिन बंद करून बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची पहिली रेघ लगेच उठून दिसते. मागची बाजू बघायला मोबाइल सेल्फी स्टिकवर लावून व्हिडिओ काढा. माझा तो कोपरा असाच सापडला.

बघताना वरून खाली या. ऑइल भरायचं झाकण, मग टॅपेट कव्हरची पूर्ण कड. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर तेही त्याच कव्हरच्या सीलचं काम. त्याखाली ऑइल प्रेशर स्विच: बोटाएवढा भाग, एक वायर लागलेली. वायरचा जोड काढल्यावर आत ऑइल दिसलं तर स्विच गेला. नंतर फिल्टर. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर सुरुवात इथूनच करा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. शेवटी चेंबरचं (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर. पुलीमागे ओलं असेल तर क्रँकचं पुढचं सील. वरचं सगळं कोरडं असेल तेव्हाच मागच्या सीलवर संशय घ्या.

वेळेवरूनही अंदाज येतो. इंजिन चालू असताना भराभर गळत असेल तर प्रेशरची बाजू, म्हणजे फिल्टर किंवा स्विच. गाडी उभी केल्यावर सावकाश पाझरत असेल तर पॅकिंग किंवा सील.

एवढं करूनही सापडलं नाही तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून गाडी फिरवा आणि अंधारात, नोटा तपासायला वापरतात तसला जांभळा दिवा मारा. गळतीची जागा पिवळी-हिरवी चमकते.

एकाच वेळी तीन जागा ओल्या असतील तर

सगळी सील एकदम जात नाहीत. ब्रीदर (इंजिनमधला वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबला असण्याची शक्यता जास्त. इंजिनमध्ये साठलेला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि जिथे सील कमजोर तिथून ऑइल ढकलतो. इंजिन जागेवर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ कागद धरा. कागद जोरात उडत असेल तर नवीन सील घालण्याआधी ब्रीदरचा पाईप आणि व्हॉल्व्ह साफ करून घ्या. तरीही तसंच उडत असेल तर पिस्टनच्या रिंगांची झीज तपासावी लागेल.

ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडून धूर येत असेल किंवा डॅशबोर्डवर लाल ऑइलचा दिवा लागला असेल तर हे शोधकाम नंतर. इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करून न्या.

पॅकिंग मी घरीच बदललं. बोल्ट जोर लावून आवळले तर पत्र्याचं कव्हर वाकतं आणि पुन्हा गळतं, म्हणून मधून कडेकडे, थोडेथोडे आवळत जायचं. सिलिकॉनही सांगितलेल्या कोपऱ्यांतच, तेही बोटभर नाही. जादाचं आत सुटून ऑइलच्या जाळीत अडकतं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा दोन थेंब दिसले तेव्हा पोटात गोळा आला होता, पण ते कानाकोपऱ्यात उरलेलं जुनं ऑइल होतं. पुन्हा पुसलं, आठवडाभर पुठ्ठा तसाच ठेवला, कोरडा राहिला.